चारशे तीन

राजारामपुरी, सातवी गल्ली, दुसरा मजला.
खाली झेरॉक्सवाल्यानं शटर ओढलं
तेव्हा मी किल्ल्यांची यादी उघडून बसले होते.
किल्ल्या म्हणजे नुसती अक्षरं, चौसष्ट,
तोंडानं वाचायला गेलं तर जीभ अडखळेल अशी,
आणि प्रत्येकीपुढं नाव, तारीख,
कुठली कुठली दारं उघडतात त्याच्या खुणा.

एकशे अडतीस.
गुळाच्या पेढ्यांच्या, वजनकाट्यांच्या,
एक बँकेची, एक शीतगृहाची,
आणि पार तळाशी
'दस्तगीर – तात्पुरती'.
परवानगी: सगळं.
वाचणं, लिहिणं, खोडणं,
दुसऱ्याला नवी किल्ली पाडून देणं.
मुदत: नाही.

दस्तगीर मुजावर पुण्याला गेला त्याला तीन वर्षं झाली.
त्याच्या खुर्चीवर आता कुरिअरचे खोके बसतात.
आमच्याकडं तात्पुरतं म्हणजे किती
ते रंकाळ्याकडच्या रस्त्यावरल्या खडीला विचारावं.

पण किल्ली जिवंत होती.
रोज पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी
कुणीतरी तिनं दार वाजवायचं,
एकच प्रश्न विचारायचं
आणि जायचं.
सगळं घर उघडं असताना
उंबऱ्यावरूनच परत.

दार न उघडण्याचे आमच्यात दोन आकडे आहेत.
चारशे एक: कोण तू? ओळखलं नाही.
चारशे तीन: ओळखलं की. तरी नाही.

आण्णा शाहूपुरीत तोलार होते.
सांगायचे, त्यांच्या लहानपणी
उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरायचा,
सगळ्यांच्या देखत, कुणाला न कळता.
ज्याचं बोट त्यालाच ठाऊक.
अकराव्या वर्षी मी त्यांचा डबा घेऊन सौद्यात गेले.
"बापू तोलाराची थोरली न्हवं ही?"
हातावर गुळाचा खडा ठेवला कुणीतरी, ऊन ऊन.
मी ओट्यावर पाय टाकला
आणि त्याच हातानं मला अडवलं.
त्याला आकडा आहे
हे मला वीस वर्षांनी नोकरीत कळलं.

रद्द करायची? खात्री आहे?
दोनदा विचारलं पडद्यानं.
मी हो म्हटलं आणि घरी गेले,
फोन उशाशी घेऊन झोपले.

पाच दहा. चारशे एक.
पाच अकरा. चारशे एक.
सतरा वेळा.
ओळखलं नाही, ओळखलं नाही.

पावणेसहाला दस्तगीर, पुण्याहून,
तीन वर्षांत पहिल्यांदा:
"वैजू, वडणग्यात माझे गुलाबमामा आहेत गं,
गुऱ्हाळवाले. दिसत न्हाई त्यास्नी.
एक डबा करून दिलाय, बटण दाबलं
की कालचा भाव बोलतो.
आज मुका झालाय म्हणून मला शिव्या घालायल्यात."

"भाव ऐकायला सगळं कशाला दिलंस?"

जरा गप्प.
"घाई होती. सगळं देणं सोपं असतंय."

खरं होतं ते.
थोडं द्यायचं तर आधी विचारावं लागतं,
माणसाला नेमकं काय लागतं,
कुठल्या वेळी, किती दिवस.
मी विचारलं. तासभर गेला, चहा गार झाला.

'गुलाबमामा, वडणगे.'
वाचणं: हो. फक्त भाव, फक्त कालचा.
मुदत: नव्वद दिवस.
"आणि नव्वद दिवसांनी?"
"मला फोन कर."
मागं डबा बोलू लागल्याचं ऐकू आलं,
त्यानं मामांना दुसऱ्या फोनवर धरलं होतं;
क्विंटलचा आकडा, मग एक खोकला,
मग "आलं, आलं" असं कुणीतरी.

यादी मिटायला वर सरकवली.
सगळ्यात वर माझं नाव.
परवानगी: सगळं.
मुदत: नाही.
काल रात्री मी हिच्यावरूनच
खाली उतरत गेले होते.