कुसळं

टेकडी म्हणावी असं तिच्यात फारसं काही नाही.
वडाळ्यात कुणाला विचारलं तर म्हणतात, "तो माळ होय?"
मुरूम, तरवड, चार हिवराची झाडं
आणि मेंढरांच्या खुरांनी पाडलेली एक वाट,
कुठेच घाई नसलेली.

डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलंय,
म्हणून रविवारी मी नायनांना वर नेते.
एकतीस वर्षं जेकार्डच्या मागापाशी उभे राहिलेले पाय
सपाटीवर कुरकुरतात, चढावर गप्प होतात.
बोलणं मात्र अजून कारखान्यातलंच,
पलीकडच्या मागावरच्या मल्लेशमला ऐकू जाईल एवढं.
"ते काय गं?"
ते म्हणजे तीन काळवीट,
'काय' संपायच्या आत गवतापार.
"मी ओरडलो?"
मी मान हलवली.

वर म्हसोबाच्या शेंदरी दगडापाशी टेकलो.
खाली पौषातली ज्वारी, मधेच करडईचा केशरी पट्टा,
द्राक्षबागेवरची पांढरी जाळी,
लांब हिप्परग्याचं पाणी, नखाएवढं,
आणि त्याच्याही मागे धुरकट, ते सोलापूर असावं.
मी उगीच म्हटलं,
"आपल्या चादरीसारखं दिसतंय, नाही?"
ते बघत राहिले, खोट शोधतात तसे.
"चादरीतला दोरा मोजता येतो.
हे कुणी मोजून केलेलं नाही."
मग बऱ्याच वेळानं,
"पण काठ चांगला धरलाय."

वारा सुटला.
कानातलं यंत्र काढून त्यांनी खिशात टाकलं,
वाऱ्यात ते सगळं खातं चालू झाल्यासारखं घुमतं म्हणे.
त्यानंतर आम्ही हातांनीच बोललो,
माग खडखडत असताना बोलायचे तसं:
दोरा तुटला. कांडी संपली. चहा.
लहानपणी डबा द्यायला जायचे तेव्हा शिकलेले शब्द,
मला वाटलं होतं विसरले.
काळवीट परत आले. एकानं मान वर केली,
आम्हाला बघितलं, आणि चरायला लागला.

घरी आल्यावर ट्यूबलाइटखाली बसून
माझ्या सलवारीतली कुसळं ते एकेक काढत होते.
मी घाईनं एक ओढलं, अर्धं आतच राहिलं.
हातावर हलकी चापट.
"उलटं ओढू नको. तुटतं.
जिकडे शिरलंय तिकडूनच पुढे काढ."

शेवटचं निघालं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून
उजवा हात हवेत धरून खाली ओढला.
माग चालू कर, असा त्याचा अर्थ.
किंवा, पुढचा रविवार.