शेवटचा रकाना

कोपरखैरण्याला मैदानात मॅट अंथरली होती.
आमची पोरं मातीतली.
पहिल्या दिवशी मॅटवर चालली ती
नव्या सोयऱ्याच्या घरात
ओल्या पायांनी शिरावं तशी.
बूट उसने, तळवलीच्या मंडळाचे.
त्यातला एक जोड दोन्ही डाव्या पायांचा.

मी वही धरतो. चौऱ्याण्णव सालापासून.
तारीख, गाव, गुण,
आणि शेवटच्या रकान्यात माझ्याच अक्षरात
उपविजेते
उपविजेते
उपविजेते
एका वर्षी तर नुसतंच उप.
पुढचं सगळ्या गोठिवलीला ठाऊक होतं.

समोरचे ठाण्याचे, कंपन्यांत लागलेले,
त्यांची मालिश करायला पगारी माणूस.
आमच्याकडे हसुरामकाका
आणि मासळीवालीकडून आणलेला बर्फ.
देवेंद्रच्या खांद्याला मध्यंतरभर
बोंबलाचा वास.
लोण चढलं होतं. अकरा गुणांची पिछाडी.
कुणी कुणाला धीर दिला नाही.
दिव्याभोवती किडे फिरत होते, ते बघत बसली पोरं.

दुसरा डाव वहीत नीट उतरलेला नाही.
बघा, अक्षर रेघ सोडून गेलंय,
एका ठिकाणी कागद फाटलाय पेनाने.

बत्तीस-बत्तीस. शेवटची चढाई त्यांची.
डाव्या कोपऱ्यात निषाद मढवी,
वय एकोणीस,
रात्री तुर्भ्याच्या मार्केटात बटाटा उतरवतो.
गोणीचा कान धरावा
तसा त्याने घोटा धरला.
गोणी सुटली तर मुकादम हजेरी कापतो.
सुटला नाही.
चढाईवाल्याची बोटं मध्यरेषेपासून
एक वीत अलीकडे
मॅट ओरबाडत राहिली
शिट्टी वाजेपर्यंत, वाजल्यावरही.

मग टेबल, हार, पाहुण्यांची भाषणं.
माईकवर "द्वितीय क्रमांक" एवढंच आलं
आणि आमचा अख्खा संघ
सवयीने उठून उभा राहिला.
"बसा रं खाली," हसुरामकाका ओरडला,
"आपला नंबर नाय त्यो!"
सगळं मैदान हसलं. पोरंही हसली.
काकाने बर्फाचा टॉवेल तोंडावर घेतला
आणि बराच वेळ काढला नाही.

चषक टेम्पोत गोण्यांमध्ये बसवून आणला.
मंडळाच्या खोलीत कपाट नाही;
कॅरमबोर्डवर ठेवला, पावडर पुसून.
पहाटे वही उघडली.
तारीख. गाव. तेहेतीस-बत्तीस.
शेवटच्या रकान्यात हात
आपला आपणच 'उप' लिहून गेला होता.
त्यावर एकच रेघ मारली,
अक्षरं दिसत राहतील इतपत,
आणि पुढे लिहिलं
विजेते.