भिंत

यंदा भिंत काढली.
चढाच्या माथ्यावरची, मातीची,
माणसापेक्षा उंच. दुपारपर्यंत
नुसता उतार उरला.

सोएदा आजोबा पायरीवर बसून कुरकुरतात:
किती घोडे पार झाले ते मोजायचं नाही,
तर पीक कसं येणार
हे देवाला विचारायचं कशानं?

मी बोललो नाही.
सतरा वर्षांचा होतो. घोडी रेसमधून काढलेली,
कोहारू. गर्दीला बुजायची,
माझ्या बाहीचं टोक चघळायची.
मागून पोरांनी दोर आपटले.
भिंतीला तिची छाती लागली
आणि पुढचा पाय
वाळक्या बांबूसारखा वाजला.

लगेच चहूबाजूंनी निळी ताडपत्री धरली.
देवाला दिसू नये म्हणून की पाहुण्यांना,
कोणी सांगितलं नाही.
आतून श्वास ऐकू येत होता. मग नाही.

तीच ताडपत्री पुढच्या वसंतात
चेरीखाली अंथरली, डबे उघडले.

त्या वर्षी अठरातले तीनच पार.
पीक हलकं, पुजारी म्हणाले.
भात असा आला की कोठारात मावेना.
मीही जेवलो. दोन वाडगे.

आज केन्शिनचा घोडा चालतच वर गेला,
भिंत होती तिथे थांबला,
मान खाली घालून गवत खाऊ लागला.
टाळ्या वाजवाव्यात का, कोणालाच कळेना.

सोएदा आजोबा माझी बाही ओढतात:
अरे,
हा मोजायचा का?