रकाना

दाखल नोंदवहीत विषयाचा रकाना
दोन बोटं रुंद.
त्यात 'कृषी' बसतं, 'आरोग्य' बसतं,
'स्पर्धा परीक्षा' जरा दाटीवाटीनं.
नऊशे चौतीस क्रमांकापुढं मात्र
सहा वर्षं कोरं,
आणि सोमवारी तपासणी.

तीनशे अठरा पानं. मुखपृष्ठ माझ्या आधीच गेलेलं,
खाकी पुठ्ठ्यावर कोणीतरी फक्त 'कादंबरी' लिहिलंय.
गोष्ट म्हणाल तर एवढी:
एक बाई धाकट्या बहिणीचं पितळी पातेलं
एकोणीस वर्षांनी परत करायला निघते.
वाटेत गावं लागतात, मुक्काम पडतात,
प्रत्येक मुक्कामी त्याच पातेल्यात काहीतरी शिजतं.
शेवटच्या पानावर ती बहिणीच्या दारात.
आतून आवाज येतो, "कोन हाये?"
संपलं.

मार्चची दुपार. जिनिंगचा कापूस जाळीतून आत येऊन
वर्तमानपत्रांवर बसतो.
वाचक येतील तसे विचारत गेले,
का हो, हे पुस्तक कशाबद्दल आहे?

यादवराव गावंडे, पोस्टातून निवृत्त:
"पत्ता बरोबर हाये, वस्तू हाये, मानूस हाये,
तरी एकोनीस वर्स बटवडा नाई.
याच्यात बाकी काय पाह्यतं तू, बाई?"

चंद्रकला तायडे तोंडात टाचणी धरून बोलते,
ब्लाउज शिवतानाही आणि एरवीही:
"बहिनीचा राग हाये थो.
उसवलेलं नव्या दोऱ्यानं जमत नाई,
जुनंच टोक सापडाव लागते."

सलीमभाई, मोटारपंप दुरुस्ती.
"चाळीसाव्या पानापासून त्या गंजाले पोचा हाये.
कोनं पाडला? लिहिनाऱ्यानं सांगतलं नाई.
म्या दोनदा वाचून पाह्यलं. नाईच सांगतलं."
आणि जाता जाता,
"आतून पांढरा थर बसते म्हनते तिले.
म्हंजे आपल्या खाऱ्या पान्याकडचीच असन."

प्रज्ञा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला:
"स्त्री-अस्मितेचा शोध. दहा गुणांना येते, ताई."
मी पेन्सिलीनं लिहिलं. बसलं नाही,
'शोध' किमतीच्या रकान्यात गेला.

खोडलं. 'नातेसंबंध' लिहिलं. खोडलं.
'परतफेड'. हे तर बँकेचं झालं.
'पातेलं' लिहिलं आणि एकटीच हसले.
रविवारी रात्री कागद इतका विरला
की रकान्याला भोक पडलं,
त्यातून खालच्या पानावरचं
'संत्रा लागवड'मधलं 'लाग' दिसायला लागलं.

सोमवारी साहेब आले, चहा अर्धा ठेवला,
भोकावर बोट ठेवून म्हणाले,
"सामाजिक लिहा हो. सगळं सामाजिकच असते."
लिहिलं. निळ्या शाईत. भोकाच्या बाजूनं.

संध्याकाळी लाइट गेली.
पुस्तक फडताळात ठेवताना हातातून सुटलं
आणि टेबलावर उघडं पडलं. उचललं, मुद्दाम सोडलं.
पुन्हा तिथंच. पुन्हा.
पान दोनशे बारा.
कडेला हळदीचा अंगठा,
खाली मशीनच्या तेलाचा डाग,
मध्यावर चहाच्या कपाचं गोल, फिकट.

त्या पानावर काही घडत नाही.
बाई परक्या अंगणात राखेनं पातेलं घासतेय.
घरधनीण विचारते, "कोनाचं हाये?"
ती म्हणते, "माह्यं."
पाणी ओतते. पुढचं वाक्य शेळीबद्दल.

मी बॅटरीच्या उजेडात खूप वेळ बसले.
कोणीच मला हे सांगितलं नव्हतं.
मीही सहा वर्षांत
कोणाला नाही.

नोंदवही उघडली नाही.

मंगळवारी ग्रामपंचायतीतला नवा शिपाई आला,
"एखादी कादंबरी द्या, जाडी असन तं बरं."
दिली. कशाबद्दल आहे ते त्यानं विचारलं नाही.
मी एवढंच म्हटलं,
दोनशे बारा जपून.
पान सुटं झालंय.