अठरा मिलिमीटर

कळ आली ती डावीकडून.
खडा होता, चार मिलिमीटरचा, त्याचा हिशेब सरळ:
पाणी पी, भोगून घे, पडून जाईल.
पण सोनोग्राफीवाल्याने
उजवीकडे पाहिलं,
आणि पुन्हा पाहिलं.

हे पुन्हा पाहणं मी ओळखतो.
सतरा वर्षं जुबैलच्या रिफायनरीत
पाइपांवर जेल फासून प्रोब फिरवतोय.
वेल्डच्या पोटातून परत आलेला आवाज वाचायचा.
सरळ रेघेत मध्येच शेंडा उठतो
तेव्हा माझाही हात असाच
आधी थांबतो, मग मागे येतो,
आणि शेजारच्या फोरमनशी मी
जेवणाचं काहीतरी बोलू लागतो.
तो म्हणाला, गाव कुठलं?
देवरुख, म्हटलं.
त्याला ठाऊक नव्हतं, तरी मान डोलावली.

मग शिरेतून औषध सोडून सीटी.
डॉक्टर मुआविया सुदानी, हळू बोलणारे.
त्यांनी कागदावर मूत्रपिंड काढलं, मला तो काजूगर वाटला.
त्याच्या पाठीवर एक टिंब.
गाठ भरीव आहे. कर्करोग असू शकतो,
नसूही शकतो.
सुईने तुकडा काढून तपासता येईल,
तेवढाच भाग कापता येईल,
किंवा सहा महिन्यांनी पुन्हा मोजू,
एवढ्याशा गाठी बहुधा सावकाश वाढतात.
मग माझ्याकडे बघत राहिले,
रिपोर्टवर सही मी करायची असावी तसे.
इकामा मार्चात संपतो. ते मी बोललो नाही.

आमच्यात दिसेल त्याला लगेच दोष म्हणत नाहीत.
आधी लांबी, खोली, जागा.
नवा इंजिनियर येतो, म्हणतो, दिसेल ती रेघ ग्राइंड करा.
रेघ जाते. भिंतही जाते.
मी त्याला सांगतो, खूण कर, तारीख घाल,
पुढच्या शटडाउनला मोज.
किती शांतपणे सांगतो मी.
पाइपाला रात्री झोप लागायची नसते.

बाहेर शमाल सुटलेला, खिडकीच्या फटीत वाळू.
वैजूचा फोन. खडा पडला का?
पडला, म्हटलं. तेवढं खरंच होतं.
ती थांबली.
मग मागे आली:
आणखी काय म्हणाले?

यंदा काजू कसे आहेत, मी विचारलं,
मोहोर टिकला का खालच्या बागेत,
कुंपणाचं काय झालं,

काजूचं मग, ती म्हणाली.
आधी ते सांग.