जाळीतला पौष

आमच्याकडे हिवाळा असा येत नाहीच.
फार तर खोबरेल तेल बाटलीत थिजतं,
आणि रात्री एमआयडीसीकडून येणारा
कुजक्या बदामासारखा वास
जरा लवकर येतो, जरा जास्त थांबतो.

या वर्षी मात्र आला.
मार्गशीर्षात जिन्याखाली नोटीस लागली:
गळती-दुरुस्ती व रंगकाम.
ग्रिलमधील कुंड्या रविवारपर्यंत काढाव्यात.
खाली घरतांची सही, नेहमीसारखी नोटिशीहून मोठी.
सोमवारी बांबू आले, मंगळवारी सुतळ्या,
बुधवारी अख्ख्या बिल्डिंगवर हिरवी जाळी,
आणि कोपरखैरण्यात, सेक्टर एकोणीसमध्ये,
तिसऱ्या मजल्यावरचा सूर्य बंद झाला.

अकरा कुंड्या आत घेतल्या.
पुदिना मोरीच्या कट्ट्यावर.
ओव्याचं पान फ्रिजवर. त्याला कुठंही ठेवा,
माझ्या नणंदेसारखं आहे ते, तक्रार करत करत वाढतं.
गवती चहा शिलाई मशीनच्या पायट्यावर,
येणाऱ्याजाणाऱ्याची पोटरी खरडत.
रोझमेरी ट्यूबलाइटखाली.
ती केतकीची. लावली आणि हैदराबादला गेली नोकरीला.
फोनवर आधी तिची चौकशी होते, मग माझी.

कढीपत्ता तेवढा बाहेर राहिला.
अर्धं कापलेलं निळं पिंप, बारा वर्षांचं झाड,
मुळं खालच्या भोकातून निघून
ग्रिलच्या गजाला धरून बसलेली.
घरत म्हणाले, तोडा.
मी म्हटलं, बघते.
बघते म्हणजे नाही, हे त्यांनाही कळतं.

पौष लागला. पानं पिवळी पडली.
मी पाणी वाढवलं. अजून पडली.
ताक घातलं, आंबट, झाडाला चालतं ते.
सकाळी ग्रिलमध्ये इतकी पानं, की झाडून
सुपलीत भरताना फोडणीची आठवण यायची,
आणि आमटी मात्र बाजारातल्या जुडीवर.

परांचीवरची माणसं खिडकीत अशी उगवतात:
आधी पाय, मग बादली, मग चेहरा.
एक मोइनुल म्हणून होता, मालद्याचा.
गावी आंब्याच्या बागेत कलमं बांधायचा.
त्यानं मातीत बोट खुपसलं, वास घेतला,
आणि मला रागावला.
“काकी, पानी बंद करो. मरा नहीं है. सोया है.”
मग सिमेंटचं रिकामं पोतं पिंपाभोवती गुंडाळलं,
सुतळीची गाठ मारली,
आणि जाताना जाळीला कटरनं एक चौकोन कापला.
केवढा, तर ताटाएवढा.

सव्वादहाला ते ताट फरशीवर उतरतं.
अकराला कपाटावर चढून निघून जातं.
तेवढ्यात मी कुंड्या पाळीपाळीनं उन्हात बसवते,
दवाखान्यात पोरांचे नंबर लावावेत तशी.
पुदिना पाच मिनिटं. रोझमेरी दहा, तिचं कोण ऐकून घेणार.
गवती चहा मध्ये घुसतो.
घरत खालून ओरडले, जाळी फाटलीय तुमच्याकडे.
म्हटलं, कावळा.

पुदिना नाही राहिला.
देठ लांबले, दोऱ्यासारखे झाले, एका सकाळी आडवे.
रोझमेरीही गेली. केतकीला सांगितलेलं नाही,
व्हिडिओ कॉलवर कॅमेरा ओव्याकडे धरते,
म्हणते, रेंज नाही गं नीट.

होळीच्या आधी बांबू उतरले.
मोइनुलला गवती चहाचा गड्डा काढून दिला,
रंगाच्या डब्यात घेऊन गेला. उलव्याला काम लागलंय म्हणाला,
तिथं अजून भिंतीच नाहीत, ऊनच ऊन आहे.

इथंही आता आहे. सगळीकडे आहे.
कुंड्या कुठं ठेवाव्यात तेच सुचत नाही,
आणि सव्वादहाला हातातलं काम टाकून
मी फरशीकडे बघते.

कढीपत्त्याला तीन फुटवे आलेत. पोपटी.
मोडवत नाहीत.
पोतं अजून तसंच आहे पिंपाला,
त्यावर छापलंय: ग्रेड त्रेपन्न. दमटपासून जपा.
उलटं बांधलंय त्यानं, त्यामुळे
वाचायला मान वाकडी करावी लागते.