कानातला खडा

सेतियूच्या खाडीबाहेर, पहाटे साडेचारला
देरामान होडीचा काठ धरून पाण्यात उतरायचा.
आधी खांदे, मग हनुवटी, मग डोकं,
वर उरायच्या फक्त काठाला धरलेल्या दोन मुठी.
इंजिन मी कधीच बंद केलेलं असायचं.
त्या वेळी खोकायचंही नाही,
पायाखालची बादली सरकवायची नाही.

हे ऐकणं त्याला मामाने शिकवलं, मामाला कुणी ते ठाऊक नाही.
कोळंबी तडतडते, उकळत्या तेलात केरोपोक पडावं तशी.
गलामा कुरकुरते, पोट आवळून,
कुणीतरी ओला दोर खांबाला पिळतोय असं वाटतं.
एक गलामा म्हणजे काही नाही.
हजार असल्या की माझा बाप वर येऊन
नाक शिंकरायचा आणि जाळं म्हणायचा, एवढंच.

गलामाचं डोकं फोडलं की दोन खडे निघतात.
पांढरे, चिंचोक्यापेक्षा लहान, एका बाजूने खरबरीत.
आमच्या घरात मिलोचा एक डबा त्यांनी भरलेला आहे.
लहानपणी मी त्यांनी सागरगोट्यांसारखी खेळायचे.

तो म्हणायचा, मासा कान बाहेर कशाला ठेवेल?
पाणी आणि मासा जवळजवळ एकाच मापाचे.
आवाज येतो तेव्हा दोघंही एकदमच हलतात,
तो अंगातून निघून जातो, दारं नसलेल्या घरातून जावा तसा.
खडा तेवढा जड.
अंग पुढे जातं, खडा जरा मागे राहतो.
त्या जरा मागे राहण्यातून
माशाला कळतं कोण बोललं,
आणि खाली कुठे आहे तेही.

मग बोटाने दाखवायचा,
कल्ल्यामागून शेपटीपर्यंत घातलेली ती टीप,
खवल्याखवल्याला एक बारीक भोक.
शेजारी वळला की त्याचं पाणी या टिपेवर येतं.
अंधारात एवढी दाटी, आणि बघ,
कुणाचा कुणाला धक्का नाही.
(आमच्या शुक्रवारच्या बाजारात त्याची टोपी दोनदा पडली होती.)

गेल्या रमजानात सहरीला उठला आणि घर फिरलं.
खांब धरला, तर खांबही निघाला.
तीन दिवस तो जमिनीवर उताणा, तळवे फरशीला चिकटवून,
वल्ही नसलेल्या होडीत पडल्यासारखा.

क्वाला तेरंगानूला डॉक्टर तेह, चष्म्याला दोरी लावलेली,
माझ्या मुलीपेक्षा चारेक वर्षांनी मोठी असेल.
म्हणाली, पाकचिक, तुमच्या कानातले खडे जागेवरून सुटलेत.
तो एवढा हसला की पुन्हा गरगरला.
खडे? माझ्यात?
धुळीएवढे, ती म्हणाली, पण काम तेच.
आणि त्याचं डोकं दोन्ही हातांत घेऊन
खाटेच्या कडेवरून खाली सोडलं, थोडं डावीकडे वळवलं.

तो अगदी स्थिर राहिला.
मिनिटभराने डॉक्टर म्हणाली,
पाकचिक, श्वास घ्या.
इथे घेतला तर चालतो.

आता मी उतरते.
पहिल्यांदा नुसतं माझंच रक्त ऐकू आलं,
मग नव्या धक्क्याचे खांब ठोकतात तो घण,
मैलभर लांबचा, पण दातांत वाजणारा.
त्या घणाखाली गलामा बोलतात की गप्प बसल्यात
हे तिसऱ्या आठवड्यापर्यंत कळलं नाही.
पाण्यात माणसाला दिशा सापडत नाही,
दोन्ही कान एकाच वेळी भरतात.
देरामानने सांगितलं होतं, कान विसर, तू स्वतः वळ.
वळले. दोर पिळल्याची ती कुरकुर
एका ठिकाणी दाट झाली, मग पातळ, मग पुन्हा दाट.

मी काठावरचा एक हात सोडून
पाण्याबाहेरच आडवा धरला.
वर तो होता, वल्हं घेऊन. त्याने काही विचारलं नसावं.
होडी वळली,
आणि ती कुठल्या बाजूला वळली
ते मला डोळे मिटलेले असताना
बरगड्यांवर कळलं.